डॉक्टरबाईंच्या गाडीचा गिअर

ती लाल गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी नारायणगावला लागून असलेल्या वारूळवाडीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर पाण्याच्या पंपाचा शाफ्ट लावून बसलो होतो. साल दोन हजारच्या आगेमागे. बाहेर टोमॅटोच्या पिकअपांची रांग लागली होती. त्या रांगेतून कमरेएवढ्या उंचीची, दोनच माणसं बसतील अशी, वर कापडी टप असलेली एक गाडी सरकत सरकत आमच्या दारात आली. मी मशीन बंद केलं. असली गाडी मी कॅलेंडरवर पाहिली होती, रस्त्यावर कधी नाही. पण गाडीपेक्षा मोठं नवल पुढं होतं. दार उघडून आतून आमच्या डॉक्टरबाई उतरल्या.

डॉक्टरबाई म्हणजे नारायणगावात पंचवीस वर्षं बाळंतपणं करणाऱ्या बाई. पन्नाशी केव्हाच ओलांडलेली, पांढरी सुती साडी, पायात साध्या चपला. आमच्या पिंपळवंडीतल्या निम्म्या आळीची नाळ त्यांनीच कापलेली. माझ्या धाकट्या बहिणीचीसुद्धा. त्यांना आम्ही कायम एका खडखडणाऱ्या जीपमध्ये पाहिलेलं. खेड्यापाड्यांतून अडलेल्या बायका त्या जीपमध्ये घालून आणायच्या, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. त्यांनी पुण्याच्या कुणाकडून तरी ही वापरलेली स्पोर्ट्स कार घेतली, हे ऐकून लोक थक्क झाले होते. म्हातारपणी बाईंना काय सुचलं, असं बाजारात उघड बोलत. चाचांनी तर पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं.

चाचा म्हणजे आमचे उस्ताद. जुन्नरचे. वर्कशॉप त्यांचं. मी आयटीआय करून त्यांच्या हाताखाली टर्नर म्हणून लागलो त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. चाचांना बाईंशी बोलायची भीड नव्हती, कारण त्यांच्या तिन्ही मुली बाईंच्याच हातच्या.

बाई म्हणाल्या, "आयुष्यभर जीप चालवली ती पेशंट आणायला. आता एक गाडी अशी पाहिजे होती, जिच्यात पेशंट मावणार नाही."

आम्ही हसलो. त्याही हसल्या. पण त्या गाडीवर त्यांचा खरोखर जीव होता. पहाटे रस्ता मोकळा असताना त्या टप काढून जुन्नरपर्यंत जाऊन यायच्या आणि नऊला दवाखान्यात हजर असायच्या.

पुढच्या पावसाळ्यात दवाखान्याच्या पायरीवर बाई घसरल्या आणि त्यांचं डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघाल्यावर पंधराएक दिवसांनी त्या गाडी घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, हात बरा आहे, पण गिअर टाकताना दुखतं. मी आत बसून पाहिलं. गाडी छान, पण गिअरचा दांडा लांबलचक, काठीसारखा. पहिल्याचा दुसरा करायचा तर हात वीतभर मागं न्यायचा, तिसऱ्याला सीटवरून पाठ उचलून पुढं वाकायचं. कढईत उलथनं फिरवल्यासारखा तो दांडा फिरायचा. मनगट मोडलेल्या बाईला त्या ताणानंच दुखत असणार, हे उघड होतं.

बाईंनी पर्समधून एका इंग्रजी मासिकाचं पान काढलं. भाच्यानं पाठवलेलं. त्यात आखूड दांड्याच्या गिअरची चित्रं होती. परदेशात लोक स्पोर्ट्स कारला असला गिअर मुद्दाम बसवून घेतात. हात जेमतेम चार बोटं हलवायचा की गिअर पडला. बाईंनी विचारलं, असं काही करता येईल का.

चाचांनी ते पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्याकडे दिलं. म्हणाले, "तूच कर. माझे डोळे आता असल्या बारीक कामाला चालत न्हाईत."

स्पोर्ट्स कारचं काम माझ्या हातात. मला रात्रभर झोप येईना असं म्हणायची पद्धत आहे, पण मला उलट गाढ झोप लागली, इतका मी खूश होतो.

काम सांगायला सोपं आहे. गिअरचा दांडा खाली एका गोळ्यावर डोलतो. गोळ्याच्या वरचा भाग आपण हातात धरतो, खालचा भाग गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या सळईला ढकलतो. वरचा भाग कमी केला आणि खालचा वाढवला की हात थोडा हलला तरी खाली सळई पुरेशी हलते. मी बाईंचा मूळचा दांडा तसाच जपून ठेवला आणि नवाच बनवला. चांगलं पोलाद आणलं, लेथवर गोळा घासला, गोळा बसतो ती बसकण इतकी घट्ट केली की कुठं खुळखुळ राहिली नाही. वरची मूठ पितळेची केली. तीन आठवडे गेले, कारण मधे डाळिंबवाल्यांचे आणि द्राक्षवाल्यांचे फवारणीचे पंप यायचे, ते आधी करावे लागत.

बसवून झाल्यावर मी गिअर टाकून पाहिला. खट्. पुन्हा मागं. खट्. बंदुकीचा घोडा ओढावा तसा. चाचांनी पण पाहिला. ते फार बोलत नसत, पण त्यांनी त्या दिवशी समोरच्या हॉटेलातून भजी मागवली.

बाई आल्या. आत बसल्या. मी बाहेर उभा राहून त्यांच्या हाताकडे पाहत होतो. त्यांनी मूठ धरली, एक-दोन गिअर टाकले. क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "सुंदर झालंय रे." आणि गाडी घेऊन गेल्या.

ते क्षणभर थांबणं मला तेव्हा कौतुकाचं वाटलं.

त्यानंतर दीड महिन्यानं माझी वहिनी अडली. मोठ्या भावाची बायको, माहेर लोणीचं. पहिलंच बाळंतपण, पण आम्हाला कुणालाच काळजी नव्हती. नऊ महिने बाईंकडेच दाखवत होतो. सकाळी अकराच्या सुमाराला कळा वाढल्या म्हणून तिला दवाखान्यात नेलं. दोन वाजता बाई बाहेर आल्या. माझा भाऊ, आई आणि मी बाकड्यावर बसलो होतो. बाई म्हणाल्या की बाळाचे ठोके कमी होतायत, पोटातून काढावं लागेल. भाऊ म्हणाला, काढा की मग. बाई म्हणाल्या, "मी आता ऑपरेशन करत नाही. तुम्ही हिला ताबडतोब पुण्याला न्या. चिठ्ठी देते."

आम्हाला आधी समजलंच नाही. माझी आई म्हणाली, "बाई, तुमी न्हाई करत तर कोण करतंय?" चिठ्ठी लिहिताना बाईंनी कागद डाव्या कोपरानं दाबून धरला होता, एवढं मला आठवतं. भाऊ चिडला. नऊ महिने का नाही सांगितलं, असं तो दोनदा म्हणाला. बाई एवढंच म्हणाल्या की हे महिन्याभरातलंच आहे, आणि मला वाटलं होतं हिचं सरळ होईल. मग त्या आत गेल्या आणि नर्सला सलाईन सोबत द्यायला सांगितलं.

भाड्यानं केलेल्या जीपमध्ये मागं वहिनी आडवी, तिचं डोकं आईच्या मांडीवर. भाऊ पुढं. मी मागच्या फळीवर सलाईनची बाटली उंच धरून. पुणे दोन अडीच तास. कळंबच्या पुढं वहिनीचं कण्हणं थांबलं आणि ती नुसती छताकडे बघायला लागली. आईनं तिच्या गालावर चापट्या मारल्या. ते पाहताना मी बाटली खाली आणली, तशी आई माझ्यावर खेकसली. मंचरच्या चौकात ड्रायव्हरनं आपणहून जीप आत वळवली. तिथं एका खाजगी दवाखान्यातल्या सर्जननं चिठ्ठी न वाचताच तिला आत घेतलं.

मुलगा झाला. निळसर होता आणि रडला नाही. आम्ही बाहेर उभे होतो आणि आतून रडणं येत नव्हतं. आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज आला. त्याला नऊ दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. लोणीहून वहिनीचे वडील आले, त्यांनी पेटीत पाहिलं आणि माझ्या भावाला विचारलं, नारायणगावच्या बाईंनी हात का काढून घेतला. त्या दिवशी भाऊ म्हणाला की ती बाई रस्त्यात दिसली तर मी तोंड फिरवीन. मीही तेच ठरवलं. आयुष्यभर लोकांचा विश्वास कमावला आणि ऐनवेळी पाठ फिरवली, असं मला वाटलं. स्पोर्ट्स कार घेतली तेव्हाच बाईंचं लक्ष उडालं, असं गावात म्हणत होते. त्यात मीही मान हलवली.

बाळ घरी आलं. त्यानंतर आठएक दिवसांनी डॉक्टरबाई वर्कशॉपला आल्या. गिअरच्या खोक्यातून खडखड येते, म्हणाल्या. मी मान वर केली नाही. लेथ चालूच ठेवला. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे मशीनचं बटण दाबून बंद केलं. म्हणाले, "काम तुझं हाय. बाईंबरोबर जुन्नर रोडला चक्कर मार, आवाज कुठनं येतोय बघ." उस्तादांना नाही म्हणता येत नव्हतं.

मी शेजारी बसलो. बाईंनी बाळाचं विचारलं. मी 'बरं आहे' एवढंच म्हणालो आणि काचेबाहेर पाहत राहिलो. गाडी सुरू झाली. वस्ती मागं पडली आणि गिअर बदलायची वेळ आली. बाईंचा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटला, पोटासमोरून आडवा माझ्या बाजूला आला आणि त्यांनी त्या उजव्या हातानं मूठ धरून दांडा ओढला. तेवढा वेळ स्टिअरिंग त्यांनी गुडघ्यानं दाबून धरलं होतं. डावा हात मांडीवर पडून होता. समोरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन येत होता.

ट्रॅक्टर अगदी जवळून गेला. मग मी म्हणालो, "बाई, हे काय करताय तुम्ही?"

"घाबरू नकोस. सवय झालीय."

"पण डावा हात?"

"डाव्या हातात जोर राहिला नाही रे," त्या म्हणाल्या. रस्त्यावरची नजर त्यांनी काढली नाही. "तुझ्याकडून गाडी घेतली त्या दिवशीच कळलं. आधी नुसतं दुखायचं, पण गिअर पडायचा. त्या तीन आठवड्यांत मनगटातली नस दबली असणार. आता दुसरा गिअर ओढताना हात थरथरतो. रोज सकाळी करून बघत होते. रोज तेच. मग ठरवलं, पोट उघडलेलं असताना हा हात सुटला तर काय. म्हणून ऑपरेशन बंद केलं."

हे सगळं त्या सहज सांगत होत्या, जसं कुणाला खोकल्याबद्दल सांगावं. त्या पुढंही काही बोलत होत्या. पुण्याला नस दाखवायची आहे, पण धीर होत नाही, दवाखान्यात कुणाला सांगितलं नाही, असं काही. मला नीट ऐकू येत नव्हतं. माझ्या डोक्यात आमच्या आळीतला हापसा आला होता. हापशाचा दांडा लांब असतो म्हणून पोरीबाळीसुद्धा पाणी काढतात. तोच दांडा अर्धा कापला तर पैलवानाचा घाम निघेल. हे मला शिकवायला कुणी लागत नव्हतं. घट्ट नट सुटेना की पान्याच्या शेपटीत पाईप घालून तो लांब करायचा, हे मी दिवसातून दहा वेळा करत होतो. आणि मी बाईंच्या गिअरचा दांडा आखूड केला होता. वरून कापला होता आणि खालून वाढवला होता. अंतर निम्मं झालं होतं, म्हणजे लागणारा जोर जवळजवळ दुप्पट झाला होता. माझ्या लोखंड ओढणाऱ्या हाताला तो जाणवला नव्हता. चाचांच्या हातालाही नाही.

मी म्हणालो, "बाई, गाडी बाजूला घ्या."

त्यांनी घेतली. मी म्हणालो, आता मी चालवतो, तुम्ही इकडे या. त्यांनी काही विचारलं नाही. मी स्टिअरिंगवर बसलो आणि पहिल्यांदाच मुठीऐवजी नुसत्या दोन बोटांनी गिअर टाकून पाहिला. पडेना. तीन बोटांनी आधी अर्धवट पडला, खोक्यातून तीच खडखड आली, मग मुश्किलीनं पूर्ण पडला. मी गाडी वळवली आणि थेट वारूळवाडीला आणली.

चाचांना मी दोनच वाक्यांत सांगितलं. ते ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसले. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. चाळीस वर्षं ज्या माणसानं लोखंडाशी काढली, त्याच्या तोंडावर एकदम परकेपणा आला, जणू ते वर्कशॉप त्यांचं नाहीच. ते म्हणाले, "मी पाहिला होता. माझ्या हातानं पाहिला होता." मग उठले आणि स्वतःच पाना घेऊन गाडीत वाकले.

आधी आम्ही भाजीवाले वापरतात तो स्प्रिंगचा काटा मुठीला अडकवून ओढला. साडेसात किलोच्या पुढं काटा गेला तेव्हा गिअर पडला. मग नवा दांडा काढून मूळचा बसवला. तासभर लागला. बाई स्टुलावर बसून पाहत होत्या. त्यांना अजून कुणीच काही सांगितलं नव्हतं, पण त्या हुशार बाई, त्यांच्या लक्षात येत चाललं होतं. त्या उठून जवळ आल्या होत्या. मूळच्या दांड्याला काटा लावला तर चारलाच गिअर पडला.

मी म्हणालो, "बाई, आता डाव्या हातानं बघा."

त्या बसल्या. त्यांनी हात पुढं नेला. ताण पडला तेव्हा त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं, म्हणजे दुखलं. पण गिअर पडला. दुसरा. मग तिसरा. पुन्हा दुसरा. त्या तसंच करत राहिल्या. शेवटी त्यांनी हात मुठीवर तसाच ठेवला आणि विचारलं, "म्हणजे हात माझा तोच आहे?"

मी मान हलवली. मला वाटलं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी समोरच्या काचेतून बाहेर पाहिलं. मग म्हणाल्या, "अकरा बायका मी पुण्याला पाठवल्या."

चाचांनी हातातला काटा खाली ठेवला.

"तुझी वहिनी त्यातली."

"हो."

"तुझा दोष कमी आहे," त्या म्हणाल्या. "मी डॉक्टर आहे. हात तपासायचा तर हाताला हात लावून तपासायचा असतो. मी गाडीवर तपासला. पेशंटनं असं केलं असतं तर मी त्याला दवाखान्यातून हाकलला असता." आणि त्यांनी डावा हात उचलून स्वतःच्या तोंडासमोर धरला आणि एखादी हरवलेली वस्तू सापडल्यावर पाहावं तसा पाहिला. त्या हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. चाचांनी चहा सांगितला, तो कुणी प्यायला नाही.

दोन दिवसांनी बाई पिंपळवंडीला आमच्या घरी आल्या. भाऊ ओट्यावर होता. त्यानं खरोखरच तोंड फिरवलं. बाई आत गेल्या, वहिनीच्या उशाशी बसल्या, बाळाला मांडीवर घेऊन त्याचे डोळे, टाळू, पायाचे तळवे पाहिले. मग बाहेर येऊन माझ्या भावाला आणि आईला म्हणाल्या की माझा अंदाज चुकला, माझा हात धड होता आणि मी नाही म्हणाले, ऑपरेशन मी करायला हवं होतं. आई गोंधळली. गिअरबद्दल बाईंनी एक अक्षर काढलं नाही. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि चपला घातल्या. सगळं त्यांनी एकटीच्या अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. त्या गेल्यावर मला माझीच इतकी शरम वाटली की मी दोन दिवस घरात कुणाच्या समोर जेवायला बसलो नाही.

चौथ्या दिवशी मी भावाला सांगितलं. त्याला आधी कळेना. "गिअरचा आन् बाळाचा काय संबंध?" तो म्हणाला. मी त्याला आळीतल्या हापशापाशी नेलं, दांडा मधोमध धरून पाणी काढायला लावलं, मग टोकाला धरून. दुसऱ्या वेळी पाणी भसाभस आलं. तो हातातला दांडा न सोडता तसाच उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्याला समजलं. तो वावराकडे निघून गेला. त्यानंतर पाच महिने तो माझ्याशी बोलला नाही. एकाच घरात, एकाच पंगतीत, पण एक शब्द नाही. भाकरी हवी असली तर आईला सांगायचा, आई मला.

वहिनीला मी वेगळं सांगितलं. ती बाळाला पाजत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझं पोट कुठंतरी फाडावंच लागणार व्हतं. पोरगं जितं हाय. फक्त बाईंचा हात असता तर मी येवढी भ्यायले नसते." एवढं बोलून तिनं पदर सारखा केला. मी त्याच वाक्याला अजून घाबरतो.

बाईंनी पुण्याला जाऊन हात दाखवला. नस ठीक होती, सांधा थोडा आखडला होता, तो व्यायामानं सुटत गेला. दिवाळीनंतर त्यांनी ऑपरेशन पुन्हा सुरू केलं. पहिले काही महिने एक तरुण डॉक्टर शेजारी उभा ठेवत. पण त्या अकरा बायकांच्या घरी त्या एकेक करून जाऊन आल्या, हे मला फार उशिरा, दवाखान्यातल्या नर्सकडून कळलं. त्यांतल्या एकीचं मूल वाचलं नव्हतं. नर्स म्हणाली की त्याचं कारण वेगळं होतं, पुण्याच्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलं होतं, इथं केलं असतं तरी तेच झालं असतं. बाईंनी ते मानलं की नाही, नर्सला माहीत नव्हतं. मी बाईंना कधी विचारलं नाही. ते ऐकलं त्या दिवशी मी वर्कशॉपचं शटर ओढून मळ्याच्या वाटेनं चालत घरी गेलो. मोटरसायकल तिथंच राहिली, हे घरी पोचल्यावर लक्षात आलं.

गाडीसाठी आम्ही तिसरा दांडा बनवला. मधल्या लांबीचा, वरून सीटकडे वाकवलेला, म्हणजे हात ताणायला नको आणि जोरही नको. बनवताना बाईंना सहा वेळा बोलावलं. प्रत्येक वेळी त्यांच्याच हातानं टाकून पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या 'छान' म्हणाल्या की चाचा म्हणायचे, "छान नको, दुखतंय का ते सांगा." पुढं तीन वर्षं ती गाडी त्याच गिअरवर चालली. मग बाईंनी ती एका मुंबईच्या माणसाला दिली.

भावाचं राहिलं. सहाव्या महिन्यात एका सकाळी तो वर्कशॉपच्या दारात येऊन उभा राहिला. खांद्यावर कडबाकुट्टीचं चाक, मूठ तुटलेलं. तेव्हा दिवसातून आठ-आठ तास लाइट नसायची, त्यामुळे कडबा हातानंच कापावा लागे, आणि ते काम वहिनीकडे होतं. त्यानं चाक माझ्या पायाशी ठेवलं. चाचा सगळं सोडून आतल्या खोलीत गेले.

भाऊ चाकाकडे बघत म्हणाला, "डॉक्टरनं तिला जड काम करू नको सांगितलंय. हलकं फिरलं पायजे."

मी चाक उभं केलं, मुठीची जागा पाहिली. मूठ चाकाच्या मध्यापासून आणखी चार बोटं लांब नेली तर हलकं जाईल, पण तेवढाच हात जास्त फिरवावा लागेल, हे मी त्याला सांगितलं. हे वहिनीला चालेल का ते मला माहीत नव्हतं, आणि त्यालाही नव्हतं.

"वहिनीला घेऊन ये," मी म्हणालो. "तिच्या हातानं बघू."

"बाळ बी हाय," तो म्हणाला.

"बाळाला बी आण."

तो मोटरसायकल काढून निघून गेला. मी चाक पुसून घेतलं, त्याला दोन ठिकाणी खुणा केल्या आणि भोकं न पाडता तसंच ठेवून त्यांची वाट बघत बसलो.